चालत्या घरातला ओटा

खापर गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत नथ्थू मिस्तरीचं सुतारकामाचं शेड आहे. तो मूळचा म्हसावदचा. लग्नानंतर बायको ममता आणि आई नर्मदाबाई यांना घेऊन इकडे आला आणि इथलाच झाला. दारं, खिडक्या, दिवाण, दुकानांचं फर्निचर यात त्याची वीस वर्षं गेली. गाडीच्या आत घर बांधायचं काम मात्र त्याच्याकडे एकदाच आलं, आणि ते त्याला अजून सलतं.

काम आणलं श्रेणिकशेठने. त्याचं भांड्यांचं मोठं दुकान. त्याची आई लाडकंवरबाई पंच्याहत्तरीची. तिला पालिताण्याला यात्रेला जायचं होतं, तिथून पुढे मारवाडातल्या माहेरच्या गावी. पण ती बाहेरचं काही खात नसे. कांदा-बटाटाही चालायचा नाही, पाणी उकळून गाळलेलं लागायचं, आणि सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अशा बाईला हॉटेलात कसं नेणार? म्हणून श्रेणिकने तेरा सिटांची जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ दाखवून नथ्थूला म्हणाला, असं घर बसवून द्या. चौघांना झोपायला जागा आणि आईचा स्वयंपाकाचा ओटा.

नथ्थूने अडीच महिने जीव ओतला. भिंतींच्या घरात खिळा ठोकला की काम झालं; गाडीत खिळा चार दिवसांत हलून बाहेर येतो. म्हणून त्याने सगळीकडे स्क्रू वापरले, खाली रबर घातलं. बाक उघडला की पलंग व्हायचा, त्याच्याखाली पाण्याची टाकी. ओट्याची उंची ठरवताना तो स्वतः बाईजींच्या घरी गेला आणि त्यांच्या कोपरापर्यंत टेप धरून माप घेतलं. लाडकंवरबाईंना सगळे बाईजीच म्हणत. बाईजी म्हणाल्या, "मला बसून करता आलं पाहिजे, नथ्थूभाई. गुडघे ऐकत नाहीत." त्याने ओट्याखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा ठेवली. ओट्याला स्टीलचा पत्रा, एका बाजूला छोटं सिंक, दुसऱ्या बाजूला दोन बर्नरची शेगडी.

गाडी सोपवायच्या दोन दिवस आधी चढावर कपाटं आपोआप उघडतात का, ते बघायला ती मोलगीच्या घाटात नेऊन आणायचं ठरलं. श्रेणिकनेच तसं सांगितलं होतं. नथ्थूने सकाळी गाडी काढली आणि दारात थांबवून आईला व ममताला हाक मारली. हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

नर्मदाबाई कधी कुठे फिरायला गेली नव्हती. लग्न, मयत आणि दवाखाना, एवढाच तिचा प्रवास. ती खिडकीजवळच्या बाकावर बसली आणि पडदा हाताने सारखा करत राहिली. घाट चढताना एकही कपाट उघडलं नाही. वर सपाटीवर मोहाच्या झाडाखाली नथ्थूने गाडी लावली. शेगडीची ज्योत वाऱ्यात टिकते का ते बघायला त्याने दार उघडं ठेवून गॅस पेटवला. ज्योत टिकली. तेवढ्यावर बंद करायला हवा होता.

आईने फडक्यातून भाकरी आणि डब्यातून सुकट, वाळवलेली मासळी, काढली होती. घरी चुलीवर भाजायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून कच्चीच आणली होती. ममता म्हणाली, इथे नको, बाईजींचा ओटा आहे. नथ्थू हसला.

"त्यांना कोण सांगायला जातंय?"

त्याने स्वतः घरून आणलेला तवा ठेवला, स्वतः सुकट भाजली, वर तेल, तिखट आणि कांदा घातला. तिघं पलंगावर मांडी घालून जेवली. दार उघडं, समोर सातपुड्याची रांग. नर्मदाबाई जेवून तिथेच आडवी झाली आणि तासभर झोपली. इतकं सुखाचं जेवण आयुष्यात झालं नव्हतं, असं नथ्थूला वाटलं, आणि ते खरंही होतं.

परतल्यावर त्याने ओटा तीन वेळा साबणाने धुतला, लिंबू चोळलं, गाडीत उदबत्ती लावली. ममता बादलीतलं पाणी तेवढं बदलून देत राहिली.

गाडी सोपवायच्या दिवशी बाईजींनी ओट्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि त्याच शेगडीवर लापशी केली. नथ्थूला वाटलं, आता घरातले खातील आणि आपण निघू. पण बाईजींनी पहिली वाटी त्याच्यापुढे धरली. "घर तुम्ही घडवलं. पहिला घास तुमचा." नाही म्हणता येईना. त्याने एक घास खाल्ला. मग बाईजींनी त्याच पातेल्यातून स्वतःला वाढून घेतलं आणि डोळे मिटून एक घास तोंडात घातला. नथ्थू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या हातातल्या वाटीत उरलेली लापशी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन श्रेणिकला सगळं सांगून आला. श्रेणिकने आधी आतलं दार लोटलं. रागावला नाही. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाला, "धुतलं ना? मग झालं. मी धंद्यासाठी सुरतला जातो तेव्हा काय काय खातो ते तुम्हाला सांगत बसू का? आईला यातलं काही कळता कामा नये." त्याने चहा मागवला. नथ्थू हलका होऊन बाहेर पडला, पण शेडवर पोहोचेपर्यंतच. आपल्यावरचं ओझं उतरलं नाही, उलट आता दोघं मिळून एका म्हातारीला फसवणार, हे त्याला शेडचं कुलूप काढताना कळलं.

दोन दिवसांनी बाईजींचा निरोप आला. ओट्याच्या वर एक छोटी फळी हवी होती, पाणी गाळायची कापडं ठेवायला. नथ्थू गेला तेव्हा त्या गाडीतच बसल्या होत्या. तो भोकं पाडत होता आणि त्या पातेल्याला कापड बांधत स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. घरचं स्वयंपाकघर आता सुनेचं. तिथे त्या फार लक्ष घालत नाहीत, ते बरंही नाही. पण या ओट्यावर सगळं आपल्या हातचं, आपल्या डोळ्यांदेखतचं. इथे मनाला शंका नाही.

नथ्थूने ड्रिल खाली ठेवलं.

"बाईजी, या ओट्यावर आमच्या हातून घाण झाली," तो म्हणाला. "घाटात आईला घेऊन गेलो होतो. मासळी शिजवली. मीच शिजवली."

बाईजींचे हात थांबले. गॅसवर पाणी उकळत होतं, तो त्यांनी बंद केला.  मग म्हणाल्या, "श्रेणिकला माहीत आहे?"

नथ्थूला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. तो खाली बघत उभा राहिला. त्यात त्यांना उत्तर मिळालं. त्यांचा चेहरा मासळीचं ऐकून बदलला नव्हता तेवढा आत्ता बदलला.

"हा ओटा काढा," त्या म्हणाल्या. "नवा बसवा."

त्या उतरायला लागल्या तशी नथ्थूने आधाराला हात पुढे केला. त्यांनी दाराची दांडी धरली आणि एकेक पाय टाकत स्वतःच उतरल्या.

गाडी पुन्हा शेडसमोर आली. नथ्थू स्क्रू काढत होता तेव्हा नर्मदाबाई काठी टेकत दारात आली. "नवंच शे ना रे ते? कसाले तोडी ऱ्हायना?"

त्याने सांगितलं. लपवायचं आता कोणापासून? ती ऐकत राहिली.

"आपन चोरी कयी का?" ती म्हणाली. "जे खातस तेच खादं."

त्याला सांगायचं होतं की चूक सुकटीची नाही, दुसऱ्याच्या चुलीवर न विचारता बसल्याची आहे. पण ते नीट मांडता येईना. कारण बाईजींसमोर त्याने काय शब्द वापरला होता ते त्याला आठवत होतं. आईने साफ करून, निवडून, डब्यात भरून आणलेल्या घासाला तो घाण म्हणाला होता. बाईजी तर तसं काही बोलल्याच नव्हत्या.

नवा ओटा आठ दिवसांत बसला. बाईजी पालिताण्याला जाऊन आल्या, माहेरीही जाऊन आल्या, असं बाजारात कळलं. श्रेणिक रस्त्यात भेटला की मोबाइलमध्ये बघतो. आईने त्याला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, ते नथ्थूला ठाऊक नाही. बाईजी मात्र एकदा देवळाच्या रस्त्याने जाताना थांबल्या आणि नर्मदाबाईची तब्येत विचारून पुढे गेल्या. नथ्थूने मान खाली घालूनच उत्तर दिलं, ते त्याला नंतर उमगलं.

काढलेला ओटा चांगला होता. ममताला तो घरात हवा होता. नर्मदाबाईने आत आणू दिला नाही. त्या दिवसापासून सुकट भाजायची असली की ती परसात तीन दगड मांडते, मागचं दार ओढून घेते आणि वारा कुठल्या बाजूचा आहे ते आधी बघते. गल्लीत निम्मी घरं मासळी खाणारी, कोणी कधी नाक मुरडलं नव्हतं. तरीही.

एका रविवारी नथ्थू परसात तिच्याशेजारी जाऊन बसला. म्हणाला, बाईजींसमोर तुझ्या सुकटीला मी नको तो शब्द वापरला, चुकलं माझं.

"कोनता शबद?" तिने विचारलं.

तिला माहीतच नव्हतं. न सांगता उठता आलं असतं. पण आता उठणंही खोटंच झालं असतं, म्हणून त्याने तो शब्द तिच्यासमोर पुन्हा उच्चारला. नर्मदाबाईने तव्यावरची सुकट उलथली, थोडी त्याच्या ताटात घातली, भाकरी ठेवली.

"जेवी ले," ती म्हणाली.

तो जेवला. ती मात्र त्याच्याबरोबर जेवायला बसली नाही; आत जाऊन ममताबरोबर बसली.