थळच्या डब्याची मुदत

थांबणं ही गोष्ट आमच्या बोर्लीच्या मामांच्या पत्रिकेतच नाही, असं मी आत्ताआत्तापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. एसटीला पाच मिनिटं उशीर झाला की मामा चालायला लागत, आणि वाटेत तीच एसटी धुरळा उडवत त्यांच्या पुढे निघून जाई. फोनची तिसरी रिंग वाजली की ठेवून देत. "त्याला गरज नसेल. गेला उडत."

मुंबईत कॉम्प्युटरवर उभा जन्म घालवून ते वाडीवर परतले आणि घराण्याचे फोटो, कागद सांभाळायला त्यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. पाच घरांत पाच डबे, म्हणजे कॉम्प्युटर, आणि प्रत्येक फोटोच्या प्रती तीन घरांत. एक डबा बिघडला तरी फोटो शाबूत. मावशीने तिच्या डब्यावर पापड वाळत घातले, तेव्हा मामा तडक तिच्याकडे जाऊन चार दिवस पुरेल इतकं बोलून आले. एक डबा थळला मोठ्या मामांकडेही होता, याचं आम्हाला नवल वाटे. वाडीच्या वाटणीवरून हे दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. तो डबा बोर्लीच्या मामीनंच गुपचूप नेऊन ठेवला होता.

पण हे सगळं आठवड्यातून एकदा तरी कोसळे, पाचही घरांत एकदम. मी नव्या मुंबईत हेच काम करतो, म्हणून शेवटी बोर्लीला जाऊन प्रोग्रॅम उघडला आणि हबकलोच. एखाद्या घराकडून तीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्याला सोडून पुढे जायचं, असं मामांनी लिहिलं होतं. फक्त थळला मुदतच नव्हती. मोठे मामा वीजबिलाच्या धास्तीनं मधेच प्लग काढत. मग बाकीचे डबे थळच्या उत्तरासाठी खोळंबून राहत, मागे कामं तुंबत आणि सगळंच बंद पडे. नवशिक्याही करणार नाही अशी ही चूक, आणि तीही मामांच्या हातची.

"मामा, एका ओळीचं काम आहे. थळलाही तीस सेकंद लावतो."

"नको."

"अहो, त्याच्यापायी सगळं कोसळतंय."

मामा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "तीस सेकंदांत तो खुर्चीतनं उठतसुद्धा नाही रे. गुडघे गेलेत त्याचे."

नऊ वर्षांत तोंड न पाहिलेल्या भावाचे गुडघे यांना कसे ठाऊक, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ती ओळ मी तशीच ठेवली.

परवा पुन्हा सगळं बंद पडलं. मावशी माझ्यावर करवादली, म्हणून मी बोर्लीला फोन केला. मामा शांतपणे म्हणाले, "थांब जरा. लावेल तो."