राहणीमानाची चौकशी

यजमानांना सहा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगातही वर्ग असतात हे मला ठाऊक नव्हतं. ते मलकापूरला शाळेत मास्तर होते. बंदी असलेल्या सभेत बोलले म्हणून पकडले गेले. पोट अधू. दोन दिवस ज्वारीची भाकरी खाल्ली की तिसऱ्या दिवशी कळा सुरू. मला काळजी होती ती तेवढीच.

चौथ्या दिवशी निरोप आला, तहसिलीतले कारकून घर पाहायला येणार. शेजारच्या काकूंनी पदर खोचला. त्यांच्या भावाकडे दंडापायी भांडीकुंडी जप्त झाली होती.

"घर रिकामं कर," त्या म्हणाल्या. "सरकारी मानूस आला म्हंजे जप्तीच."

तासाभरात पलंग, गादी, टेबल, पितळी भांडी आणि पुस्तकं मागच्या दारानं त्यांच्याकडे गेली. गव्हाचा डबाही गेला.

कारकुनानं कशालाही हात लावला नाही. मास्तर कशावर झोपतात, जेवणात गहू असतो की ज्वारी, घरी पुस्तकं किती, असलंच विचारत बसला. मी सगळीकडे कमीत कमी सांगितलं. सतरंजी, ज्वारी, पुस्तकं नाहीत. त्यानं लिहून घेतलं आणि जाताना माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. काकू आणि मी मात्र खुशीत होतो.

आठवड्यानं आमच्या वकिलांकडून कळलं की ती चौकशी वर्ग ठरवण्यासाठी होती. राहणी वरची असेल तर बी वर्ग, म्हणजे गहू, दूध, खाट, पुस्तकं. नाहीतर सी. यजमानांना सी मिळाला होता, आणि तो माझ्याच तोंडानं. सराईत चोराला नवख्यांपासून वेगळं ठेवतात, पळून जाणाऱ्यावर जादा पहारा बसवतात, हे मला समजत होतं. पण घरी पलंग आहे म्हणून पोळी, हा हिशेब मला लागेना. वकिलांना विचारलं, तर ते हसले आणि अर्ज लिहायला बसले.

अर्ज घेऊन मी तहसिलीत गेले. कारकून तोच.

"बाई, तुम्ही तवा खोटं बोलल्या का आता बोलून राह्यल्या?"

तेव्हा, म्हटलं. तो पुन्हा घरी आला, काकूंकडून परत आणलेली गादी दाबून पाहिली, पुस्तकं चाळली आणि डोकं खाजवत नवा कागद लिहिला. हुकूम यायला दीड महिना लागला.

मग मी अकोल्याच्या तुरुंगात भेटीला गेले. यजमान वाळले होते. त्यांना दोनच दिवसांपूर्वी बी वर्गाच्या खोलीत हलवलं होतं. मला वाटलं होतं, बरं वाटलं असेल.

"काऊन केलं तू हे?" ते म्हणाले.

आधीच्या बराकीत आमच्याच भागातले चौघे होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पत्रं ते लिहून देत. आता तिकडे जायला मनाई.

"तुमचं पोट," मी म्हटलं.

"पोट बरं होतं. अर्ज मागं घे."

समोर बसलेल्या जेलरला मी विचारलं, यांना दवाखान्यात नेलं होतं का? ते सांगता येत नाही, म्हणाला. यजमानांचे गाल बसलेले होते. मी खरं कुणाचं मानायचं? वेळ संपली.

अर्ज मी मागे घेतला नाही. उरलेले दिवस त्यांनी गहू खाल्ला. सुटून आले ते अंगानं भरूनच. पण त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढे तो म्हातारा शेतकरी सुटला आणि भेटायला आला. यजमान शाळेत होते. चहा देताना मी विचारलं, बराकीत मास्तर नीट जेवत होते का?

"रोज आपली अर्धी भाकर मले देत," तो म्हणाला. "पोट दुखे म्हनून का मी भुकेला राहो म्हनून, ते मले नाई समजलं."

मी त्याला आणखी चहा ओतला. मलाही ते अजून समजलेलं नाही.