अण्णाची शेवटची साडी

माणूस गेला की मागे एक पोकळी राहते आणि ती कधीच भरून निघत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या शोकसभेत हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वक्त्याने म्हटलं. सीमाभागातल्या आमच्या वडगावात अशा पोकळ्या घरोघरी होत्या. हातमागावर बसणाऱ्याला पाय सोडायला जमिनीत कमरेएवढा खड्डा लागतो. यंत्रमाग आले तेव्हा बहुतेक खड्डे मुरूम टाकून बुजवले. आमचा तेवढा वडिलांनी, आप्पांनी बुजवू दिला नाही.

अण्णा वेल्डर झाला आणि ईशान्येकडच्या डोंगरात एका वीज प्रकल्पावर गेला. रस्ता संपायचा तिथून पुढे कामगारांना हेलिकॉप्टरने नेत. घरी माळ्यावर चढायला घाबरणारा हा माणूस. मी फोनवर चेष्टा केली, तर म्हणाला, "डोळं मिटून बसतो रं. उतरलं की उघडायचं."

त्या दिवशी धुकं होतं. हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. त्यातलं कुणीच वाचलं नाही.

शोकसभेत अण्णाला 'गगनवीर' ही पदवी मिळाली. सभा तासभर उशिरा सुरू झाली, कारण फलकावर कन्नड वर असावं की मराठी, हे ठरत नव्हतं. वहिनी पहिल्या रांगेत बसून होती. घरी आल्यावर कपडेही न बदलता ती मागापाशी गेली.

मागावर साडी होती. सुट्टीला आला की अण्णा एक साडी विणायला घ्यायचा आणि मुद्दाम अर्ध्यावर सोडून जायचा. अर्धं काम ठेवलं की माणूस परत येतो, असं आमच्याकडे मानतात. तो दरवेळी परत यायचा, त्यामुळे ते कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

साडी आमची नव्हती. सूत शेटचं, मजुरीवर विणून त्यालाच द्यायची. आप्पांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग एवढंच म्हणाले की शेटचा निरोप आलाय. ही साडी शेटकडे मागून घेऊ, असं मी सुचवलं. शेटपुढे हात पसरायला आप्पा तयार नव्हते.

उरलेली साडी वहिनीने विणायला घेतली. एक दिवस मला म्हणाली, "दोन हातांची साडी शेट घेत न्हाय. जिथं हात बदलतो तिथं पट्टा दिसतो. डागी म्हणून परत देतात, मग ती आपलीच की."

तिचा सगळा बेत एवढाच होता. लग्नानंतर ती अण्णाकडूनच विणायला शिकली होती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती फार सावकाश विणायची. अण्णाने विणलेला भाग मागाच्या तुळईवर गुंडाळला जाऊन दिसेनासा झाला, त्या दिवशी ती जेवली नाही. मागाच्या फणीचा ठोका मी आतल्या खोलीतून ऐकायचो आणि क्षणभर वाटायचं, सुट्टी सुरू झाली.

साडी द्यायला मीही बरोबर गेलो. दुकानात माल तपासणारे म्हातारे काका होते. त्यांनी साडी उजेडात धरून सरकवत नेली. मी पट्टा शोधत होतो. वहिनीही शोधत होती. काका शेवटाला पोचले तेव्हा ती म्हणाली, "मधी जरा नीट बघा की."

काकांनी पुन्हा पाहिलं. बिचारीला मजुरी कापली जायची भीती वाटतेय, असा त्यांचा समज झाला असावा. ते समजुतीने म्हणाले, "काळजी करू नको गं आक्का. एका हाताची हाय."

त्यांनी साडी घडी करून चांगल्या मालात ठेवली आणि पुढच्या साडीचं सूत तोलून दिलं.