दोन बोटं जागा

जगदेव गुरुजी वाशीमजवळच्या मालेगावचे. घर माळ्याचं, पेशा शिक्षकाचा, आणि स्वभाव इतका चिकट की त्यांचा मजकूर जुळवताना मी दर महिन्याला नोकरी सोडायचं ठरवायचो. ते गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच लिहितो. मी गोपीचंद, वाशीमच्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा.

१९३१ साली गुरुजींनी ‘पथ्यपत्रक’ सुरू केलं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, महिन्यातून एकदा. काय खावं, कोणी खावं, कशाने काय होतं, एवढंच त्यात. बाजाराच्या दिवशी गुरुजी तो फुकट वाटत. वाचता येणारा एखादा चावडीवर मोठ्यानं वाचे आणि बाया डोक्यावरची टोपली न उतरवता ऐकत उभ्या राहत. दुकानदार तो भिंतीला चिकटवत. गुरुजींचे थोरले भाऊ रामराव नाल्याकाठी भाजीपाला पिकवायचे. त्यामुळे माठ, मेथी, चुका यांच्यावर गुरुजींचा जीव जरा जास्तच.

त्यांच्या नियमांनी मी बेजार झालो होतो. कोणी खाल्लं, किती दिवस खाल्लं, कोणी पाहिलं, हे कळल्याशिवाय छापायचं नाही. तीन गावांतली तीन माणसं साक्षीला हवीत. औषधवाल्यांची जाहिरात घ्यायची नाही. चूक निघाली तर पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात कबूल करायची. आणि घरच्या माणसाची साक्ष धरायची नाही, कारण घरचं माणूस आपल्याला बरं वाटेल असं बोलतं. एका वैद्यबुवांनी ‘भोपळ्याच्या बियांनी बुद्धी वाढते’ असं लिहून पाठवलं, तर गुरुजींनी उलट टपाली विचारलं, ‘कोणाची वाढली? नाव, गाव कळवावे.’ वैद्यबुवा पुन्हा त्यांच्याशी बोलले नाहीत. मी मात्र आठवडाभर हसत होतो.

१९३२चा भाद्रपदाचा अंक. मालेगावची मोटार सुटायची वेळ झालेली, गुरुजी पिशवी काखेत मारून उभे, आणि पानाच्या तळाशी जागा उरली. मी म्हणालो, “गुरुजी, दोन बोटं जागा राह्यली. काही तरी द्या, नाही तर पान बोडकं दिसते.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच लिहून दिलं: ‘गोवर निघून गेल्यावर मुलास चाळीस दिवस हिरवी पालेभाजी देऊ नये, असे माझी आई सांगत असे.’ लहानपणी त्यांना गोवर झाला होता, तेव्हा आईच्या तोंडून हे ऐकलेलं. जुळवल्यावर ओळ मावेना. मी विचारलं, “शेवटचं काढू का?” ते म्हणाले, “काढ.”

आईचं नाव गेलं आणि राहिला तो सरकारी हुकूम. इतका नियमांचा माणूस, त्या दिवशी त्याला एकही नियम आठवला नाही. आणि मला तर पानाची शोभा पडली होती. आजही तो प्रसंग आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. मग शेलूबाजारच्या दौलतसिंग नावाच्या शेतकऱ्याचं कार्ड आलं: ‘गोवरावर भाजी देऊ नये, याला साक्ष कोण?’ गुरुजी चपापले. पुढच्याच रविवारी ते निघाले. शेलूबाजारात विचारलं, कामरगावात विचारलं, मालेगावात विचारलं. तिन्ही गावांतल्या बायांनी एकच उत्तर दिलं: हो, चाळीस दिवस भाजी द्यायची नसते. गुरुजींनी वहीत लिहिलं, ‘तीन गावे, तीन साक्षी. पडताळले.’ मला येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा होता.

पुढच्या फाल्गुनात त्यांच्या हौसाला गोवर निघाला. हौसा सहा वर्षांची, एकुलती एक लेक. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. नवव्या दिवशी तिला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. घरातल्यांना वाटलं, सुटलो.

न्हाणं झाल्यावर पोरीनं पहिली गोष्ट मागितली ती माठाची भाजी. गुरुजींची बायको चतुराबाई कामरगावची. ती म्हणाली, “आमच्या माहेरी न्हाऊ घातल्यावर पोराले शेवग्याचा पाला देतात. माह्या चार भावंडाईले दिला. द्या न तिले थोडीशी.”

गुरुजींनी वही उघडून दाखवली. “तीन गावच्या साक्षी हायेत. तुह्या कामरगावची पन हाये.”

“मी कोन्या गावची हावो मंग?” चतुराबाईनं विचारलं.

पण घरच्या माणसाची साक्ष धरायची नव्हती. हौसा रोज मागायची, चतुराबाई रोज गुरुजींच्या तोंडाकडे पाहायची, आणि गुरुजी पोरीला मांडीवर घेऊन म्हणायचे, “इतके दिवस गेले, बेटा. आता थोडेच राह्यले.” पेज आणि भाकरीचा चुरा, एवढ्यावर ते लेकरू होतं. रामरावांच्या वाफ्यात तेव्हा माठ गुडघाभर वाढला होता. गिऱ्हाईक नसलं की ते बैलांना टाकत.

पंचविसाव्या दिवशी, दिवेलागणीला, हौसा जेवायला बसली आणि तिचा हात ताटाबाहेर पडला. म्हणाली, “बाबा, दिवा लावा न.”

दिवा तिच्यासमोर जळत होता.

वाशीमच्या दवाखान्यात आणली तेव्हा दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, “नजर गेली. गोवरानं पोर खंगतं, त्यात डोळे कोरडे पडतात. तेव्हाच पालेभाजी, दूध, माशाचं तेल पोटात जायला हवं होतं. तुम्ही तर बागाईतवाले. भाजी बंद करायला कोणी सांगितलं?”

गुरुजी उठले. हौसाला चतुराबाईजवळ ठेवून तसेच कामरगावच्या वाटेला लागले. जिनं साक्ष दिली होती त्या प्रयागबाईच्या दारात उभं राहून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच खेपेला विचारायला हवा होता: “बाई, हे तुमाले कोनं सांगतलं?”

प्रयागबाई हसली. “घ्या! गुरुजी, तुमच्याच कागदात होतं न! जावयानं वाचून दाखोलं. त्याच्या अगुदर आमी देत होतो भाजी.”

शेलूबाजारातही हेच. मालेगावच्या बाईनं तर दुकानाच्या भिंतीवरचा पिवळा पडलेला कागदच दाखवला. तीन गावं, तीन साक्षी, आणि तिघींच्या मागे एकच माणूस उभा. तो स्वतः जगदेव गुरुजी.

मग रामरावांच्या घरी जाऊन, तिथं राहणाऱ्या आईला त्यांनी विचारलं. मनकर्णाबाई तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. “माय, मले गोवर झाला तवा तू भाजी काहून देल्ली नव्हती? चाळीस दिवस कोनाचा नेम व्हता?”

म्हातारीला आठवायला वेळ लागला. मग म्हणाल्या, “तो मोठ्या दुष्काळाचा साल व्हता, बापा. विहिरी आटल्या, वाफ्यात हिरवं पानही नव्हतं. तू भाजीसाठी रडत व्हता. नाही कशी म्हनू? मंग म्या सांगतलं, गोवरावर चाळीस दिवस खात नाहीत. तुले गप कराले सांगतलं रे.” आणि त्यांनीच विचारलं, “काहून इचारून राह्यला?”

गुरुजींनी हे मला छापखान्यात सांगितलं. हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. त्या दिवशी कागदाच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. दोन बोटं जागा मीच दाखवली होती.

पंधरा दिवसांनी ते दुरुस्तीच्या अंकाचं प्रूफ तपासायला आले. सोबत हौसा होती. ज्याच्याबद्दल छापायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, असा नवा नियम त्यांनी केला होता. तिला माझ्या स्टुलावर बसवलं आणि ते वाचू लागले. आवाज शाळेत वाचतात तसाच.

“‘गोवरानंतर पालेभाजी देऊ नये, असे या पत्रकाने छापले होते. ते खोटे आहे. त्याला साक्ष नव्हती. भाजी अवश्य द्यावी. ही चूक जगदेव मास्तर, मालेगाव, यांची. या चुकीने हौसा, वय सहा, हिची नजर गेली. पाहणारा मी, तिचा बाप.’”

हौसा पाय हलवत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “बाबा, आता भाजी खाल्ली तं दिसन का?”

मी गुरुजींकडे पाहिलं. देवाशपथ सांगतो, माझ्या मनात आलं, या माणसानं आज एकदा खोटं बोलावं. पोरीला हो म्हणावं. मी असतो तर म्हटलं असतं.

गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. “नाही, बेटा,” ते म्हणाले. “दिसनार नाही.”

तिनं पाय हलवायचे थांबवले. म्हणाली, “मंग त्यात हेही लिहा न. म्या मागतली व्हती म्हनून.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या अक्षरांनी पान भरलं होतं, एका ओळीचीही जागा नव्हती. मी वरून पत्रकाचं नाव काढलं आणि खाली ती ओळ जुळवली: ‘हौसाने भाजी मागितली होती.’

तो कागद घेऊन गुरुजी उन्हाळाभर गावोगाव पायी फिरले. भिंतीवरचा जुना कागद खरवडून काढायचा आणि तिथं हा लावायचा. प्रत्येक चावडीवर ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत, आणि त्या शेवटच्या ओळीला दर वेळी थांबत.