हाऊ

नव्वदच्या आसपास मी धुळ्यात कारकुनी करायचो आणि शनिवारी दुपारच्या जळगाव गाडीने गावी जायचो. त्या गाडीत धुळ्याला शिकायला आलेला एक आफ्रिकन विद्यार्थी नेहमी दिसे. कोणी म्हातारी चढली की तो निमूट उठायचा आणि टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकडी करून उभा राहायचा.

एकदा मला त्याच्या शेजारची जागा मिळाली. घरी अहिराणी बोलणारा मी ऑफिसात ती लपवायचो. इंग्रजी पाजळायची अशी संधी सोडतो कसला! मी विचारत गेलो, तो सांगत गेला. खोलीवरचा स्टोव्ह, मेसचं पातळ वरण आणि सुटीत वर्गमित्राच्या शेतावर वांग्याचं भरीत. गेल्या खेपेला तो बैलगाडीतून पडला होता. खरचटलेलं कोपर त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं. मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "हाऊ डू यू फाइंड खान्देश?"

तो गोंधळला. खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बोट दाखवून सावकाश म्हणाला, "दिस. दिस इज खान्देश."

पुढचं वाक्य जुळवता जुळवता माझं गाव मागे पडलं. मी ताडकन उठून "स्टॉप! स्टॉप!" ओरडलो. कंडक्टर बघतच राहिला. तेव्हा हा विद्यार्थी त्याला म्हणाला, "भाऊ, गाडी थांबाडा. हाऊ पाव्हना आठे नवा शे."

अहिराणीत 'हाऊ' म्हणजे 'हा' आणि 'आठे' म्हणजे 'इथे'. बठ्ठी गाडी हसली. त्याने खिडकीतून माझी पिशवी खाली दिली. 'मी आठलाच शे' असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं काय, तर "थँक यू."