मागच्या चाकाचा काळा दोरा

मी आयटीआय केलेला फिटर माणूस. रांजणगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की बेअरिंग बघायचं, कुणाची नजर लागली का ते बघायचं नाही, हा आपला खाक्या. आमच्या मांडवगणात कुणी चकवा, बाधा असलं काही बोलायला लागलं की माझं डोकंच सटकायचं... चारचौघांत भांडणं केलीत मी यावरून. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलोच असतो.

गोष्ट २००३-०४ची. आमच्याकडे आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी होती. आम्ही धनगर. आबांनी मेंढरं विकून शेती धरली तेव्हा हौसेने ही गाडी घेतली. पायांची हिंडायची सवय जाईना, मग चाकांवर हिंडायचे. आईला मागे बसवून तुळजापूर, गाणगापूर, कुठे कुठे जाऊन आले. निघताना मात्र एक ठरलेलं — काळ्या लोकरीला पीळ घालून केलेला दोरा मागच्या चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या गाभ्याला, बांधायचा. मेंढरं घेऊन निघताना आमच्यात लहान पोराच्या कमरेला बांधायचे, तसाच. मी चिडवायचो, "आबा, गाडी काय तान्हं पोर हाय का?" ते नुसते हसायचे आणि गाठ मारायचे. गाठही त्यांची स्वतःची, दुहेरी वेढा देऊन टोक आत खुपसलेली. दुसऱ्या कुणाला ती कधी जमली नाही.

वर्षातली एक फेरी मात्र देवाची नसायची. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. मेंढरं भुलेश्वरच्या डोंगराकडे चरायला गेलेली असताना तो तापाने गेला. अगदी अंगावर पिणारं पोर. तिथेच माळावर एका बाभळीखाली त्याला पुरलं आणि वर तीन दगड मांडले. मी तिशी ओलांडलेला बाप्या, पण आई अजून त्याला 'थोरला' म्हणायची आणि मला 'धाकला'. दिवाळी सरली की आबा आणि आई फटफटीवर तिकडे जायचे, दगडांवर दूध ओतायचे आणि परत यायचे. मला कधी नेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मग आबा गेले. पुढच्या दिवाळीत आई म्हणाली, "सोपान, मला थोरल्याकडं घिऊन चल. औंदा चुकलं तर परत माझ्यानं व्हायचं न्हाई."

आता आईची कंबर गेलेली. विहिरीपाशी पडली होती, डॉक्टरने धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलेलं. त्या माळावर जीप जात नाही, असं आबा सांगायचे. आणि फटफटीची तर पार वाट लागली होती. मागचं चाक ज्यात बसतं तो चिमटा — आमच्या कंपनीच्या भाषेत स्विंग आर्म — त्याचे बुश झिजून गाडी शेपूट हलवल्यासारखी चालायची. चाकांच्या तारा ढिल्या झालेल्या, रिम वाकडी. माझा आयटीआयचा दोस्त बबन, दौंडला त्याचं गॅरेज, तो म्हणाला, "ह्याचं सामान आता मिळत न्हाई लेका. नव्या मॉडेलचा चिमटा आन् अलॉय चाकं टाक. चिमटा जरा लांब हाय, मागं बसणाऱ्याला हादरा कमी."

लागलो कामाला. बुश लेथवर करून घेतले, चेन वाढवली, ब्रेकचा रॉड लांब केला, सुताने चाकं एका रेषेत आणली. आबांचा शेवटचा दोरा जुन्या चाकावर होता, पार कुजलेला. तो चाकासकट पोत्यात गेला.

निघायच्या दिवशी आईने विचारलं, "दोरा?"

"आई, फिरत्या चाकाला दोरा, चिंधी काय बांधायची नसती. कंपनीत आसं केलं तर घरी बसवत्याल मला. आन् घरात लोकर हाय तरी कुठं आता?"

तिने दुधाची किटली मांडीवर घेतली आणि मागे बसली. मी चाक फडक्याने पुसलं, नट तपासले, किक मारली. चाक अगदी लख्ख होतं.

भीमेचा पूल ओलांडला, खुटबाव मागे पडलं, हायवे पार करून डोंगराच्या अंगाला लागलो. गाडी काय सुरेख चालत होती! आई म्हणाली, "पाळण्यात बसल्यागत वाटतंय रं." मी मनात खूश.

पण पुढे पंचाईत झाली. आईला वाटच ओळखू येईना! "आगं, दरसाल येत हुतीस न्हवं?"

"मी तोंडावर पदर घिऊन बसायची, धूळ किती उडती. वाट त्यांना ठावं. मेंढरामागं चालत आले आसते तर डोळं मिटून दावली आसती."

बाभूळ शोधत होतो. माळावर बाभळी काय कमी आहेत? ह्या वाटेने जा, त्या वाटेने ये... त्याच खडीच्या रस्त्यावरून दोनदा गेलो. माझा आवाज चढायला लागला. ऊन कलायला लागलं तशी आई म्हणाली, "जाऊ दे. चल माघारी. त्यांच्यासंगं वाट बी गेली." आणि ती रडायला लागली. आईला असं रडताना मी आबांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. 

गाडी वळवली. थोडं अंतर गेलो असू, तोच मागचं चाक जड व्हायला लागलं. झटका नाही, आवाज नाही... कुणी हळूच ब्रेक दाबावा तशी गाडी थांबली. माझा पाय ब्रेकवर नव्हता. शपथ घेऊन सांगतो.

बबनला चार शिव्या हासडत खाली बसून बघितलं. नव्या चाकाच्या हबभोवती काळ्या लोकरीचा दोरा. त्याचं एक लोंबतं टोक ब्रेकच्या रॉडमध्ये गुंतून रॉड ओढला गेला होता. मी ओरडलोच, "आई, बांधलास न्हवं गुपचूप?"

"ह्या बोटांनी?" तिने हात पुढे केले. संधिवाताने बोटं इतकी आखडलेली की लुगड्याची गाठ माझी बायको मारून द्यायची. मग ती कशीबशी वाकली आणि दोऱ्याकडे बघत राहिली. दुहेरी वेढा, दुसरं टोक आत खुपसलेलं. लोकर नवीकोरी, अजून मेंढराचा वास मारणारी.

मी चाकू काढला तर आईने हात धरला. "कापू नगंस!" मग टोक सोडवत बसलो. तेवढ्यात आई टेकायला म्हणून रस्त्याच्या कडेला गेली आणि तिथून तिने हाक मारली, "सोपान... आरं, हितं ये."

बाभूळ नव्हतीच. त्या वर्षीच रस्ता रुंद करताना तोडली होती, नुसता बुंधा उरलेला. त्याच्या मागे, गवतात, चुना लावलेले तीन दगड. चुना आबांनीच लावला असणार. दोनदा आम्ही शेजारून गेलो होतो.

आईने दूध ओतलं. दगडांवरून हात फिरवत म्हणाली, "थोरल्या, तुजा धाकला आलाय बग. त्यानंच आणलं मला." मी, एवढा घोडा, तिथे बसून हमसून हमसून रडलो. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्या भावासाठी...

घरी येऊन आधी पोतं उपसलं. जुना दोरा जुन्या चाकावर तसाच, कुजलेला. बबन म्हणतो, "म्या हात लावला न्हाई," आणि बबनला ती गाठ येतच नाही. सकाळी हब मी स्वतः पुसला होता. वाटेत फक्त एकदा चहाला थांबलो, तेव्हाही गाडी डोळ्यांसमोर होती. फिटर म्हणून सगळ्या बाजूंनी डोकं चालवून बघितलं, काही हाती लागलं नाही.

पुढे आईही गेली. ती असेपर्यंत मी कितीदा तरी विचारलं, "आई, खरं सांग, कुणी बांधला आसंल गं?"

दरवेळी तिचं एकच. "तुला कशाला पायजे ते? पोचलो न्हवं?"