वेळ संपल्यावरचे इस्त्रीकाका

"तापलीच आहे, तर आणखी एक होऊन जाईल."

इस्त्रीकाकांचं हे पालुपद. लाँड्रीत संध्याकाळची घंटा व्हायची, बाकीचे आपापले एप्रन खुंटीला लावून बाहेर पडायचे, आणि काका मात्र इस्त्रीच्या पोटापाशी वीतभरावर तळहात धरायचे. तापानं फणफणलेल्या लेकराची धग बघावी तसे. मग हे वाक्य म्हणायचे आणि पुढचा शर्ट ओढायचे. एकाचे दोन होत, दोनांची चळत होई.

"काका, तुमची वाट बघणारं कोणी नसेल घरी, पण इथल्या भिंतींना तरी झोपू द्या," काउंटरवरची मावशी पर्स खांद्याला अडकवता अडकवता म्हणायची.

"तू जा. तुझा नवरा उपाशी असेल."

"तो कसला उपाशी राहतोय! माझ्या वाटचंही खाऊन बसला असेल."

मावशी हसत जायची. मग खाली फक्त वाफेचा आवाज उरायचा. फस्स... थोडा थांबून पुन्हा फस्स.

हा आवाज दुकानाच्या वरच्या मजल्यावर मालकिणीला ऐकू यायचा. दुकान तिच्या वडिलांनी थाटलेलं. तेव्हापासून काका तिथे. धुतलेल्या चादरींच्या ऊबदार ढिगावर बसून ती लहानपणी धडे गिरवायची, आणि काका तिला ढिगासकट उचलून बाजूला ठेवायचे. वडील गेले, दुकान तिच्याकडे आलं. लग्न तिनं केलं नाही. संध्याकाळी ती एकटीचं ताट वाढून घ्यायची, तेव्हा खालून येणारं ते फस्स तिला सोबतीसारखं वाटायचं. काकांना हे तिनं कधी सांगितलं नाही.

काकांची बायको जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगी लांब दिली होती. फोनवर ती 'जेवलात का' विचारायची आणि काका 'जेवलो' म्हणायचे, की फोन ठेवला जायचा. घर म्हणजे एक खोली. दोन खुर्च्या. एकीवर ते बसत, दुसरीवर कपडे ठेवत.

"अंधारात घरी गेलेलं बरं असतं," ते एकदा मालकिणीला म्हणाले होते. "वाटतं, असेल कोणीतरी. दिवा लावला की दिसतं."

त्यानंतर तिनं त्यांना घरी जा म्हणून कधी टोकलं नाही.

पुढे कायदा बदलला. मोजक्या माणसांची दुकानं आजवर कामाच्या तासांच्या नियमांतून सुटलेली होती, तीही आता त्यात आली. गल्लीतल्या दुकानदारांना समजावून सांगायला एक तपासनीस यायला लागला. तरुण होता, पायपुसण्याला बूट पुसून आत यायचा, बोलायला मऊ. एका संध्याकाळी तो लाँड्रीत शिरला, तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि काका एका सदऱ्याची बाही उलगडत होते.

"हे कामावर आहेत?"

"छे, सुटले मघाशीच," मालकीण म्हणाली.

तपासनिसानं काकांच्या हाताकडे पाहिलं. "मग ही इस्त्री कोणाची सुटायची राहिली?"

"साहेब, मी आपल्या खुशीनं करतो," काका म्हणाले. "कोणी सांगितलेलं नाही. पैसेही नकोत मला."

"तुम्हाला नको असले तरी यांना द्यावे लागतात, काका. काम यांचं आहे, यांच्या डोळ्यांदेखत चाललंय, आणि या थांबवत नाहीत. म्हणजे ती वेळ कामाचीच. तिचा दर वाढीव. आणि ठरलेल्या तासांच्या वर रोज असं चाललं, तर दंड."

"मी लिहून देतो ना. खुशीनं करतो म्हणून."

"तसं लिहून घेता येत नाही. आज तुम्ही द्याल, उद्या दुसरा मालक आपल्या सगळ्या माणसांना रांगेत उभं करून लिहून घेईल. त्यांची खुशी किती असेल?"

काका इस्त्री उभी करून ठेवत म्हणाले, "खरं आहे तुमचं." इथे येण्याआधी ते शिवणकामाच्या एका शेडमध्ये होते. माल निघेपर्यंत बाहेरून कडी लावलेली असायची. तिथली खुशी त्यांना ठाऊक होती.

तपासनीस त्या दिवशी ताकीद देऊन गेला. पुढच्या खेपेला ताकीद नसेल, हेही सांगून गेला.

मग काका आणि मालकीण, दोघांनी मिळून तोड काढली. काकांनी संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचं, पाहुण्यासारखं. कशाला हात लावायचा नाही. मावशीला तर मेजवानीच मिळाली. "अगंबाई, पाहुणे आले! पाणी तरी विचारा कोणी!" काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मालकीण काउंटरपाशी बसायची. इतक्या वर्षांत ती दोघं अशी निवांत कधी बसली नव्हती. वडिलांच्या रागाच्या गोष्टी निघाल्या, कोणाच्या तरी कोटाच्या खिशात सापडलेल्या जिवंत बेडकाची गोष्ट निघाली. मधूनच काका टेबलाकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

चाललं असतं असंच. पण एकदा दुकान बंद करायच्या सुमाराला एक वादक धावत आला. काळा कोट हातात, कॉलर चुरगळलेली, थोड्या वेळात कार्यक्रम. मालकिणीनं कोट हातात घेतला, वर धरला, आणि मागे न बघताच म्हणाली, "काका, जरा ही कॉलर बघता?"

वाक्य संपायच्या आत काका उठले होते. पाठ सरळ, पाय हलके. चेहऱ्यावर असं काही उजळलं की ती बघतच राहिली. ओला फडका, वाफ, फस्स. वादक शंभरदा आभार मानत गेला.

काकांनी इस्त्री बंद केली आणि परत बाकाशी आले.

"चूक झाली," काका म्हणाले. "मी उठायला नको होतं."

"मी हाक मारली म्हणून उठलात."

"मग मारू नकोस हाक."

"तेच जमणार नाही मला, काका." तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही समोर असलात की माझ्या तोंडून ती निघणारच. तुमची खुशी, तुमची खुशी म्हणत आले इतकी वर्षं. सकाळी खाली आलं की कपडे तयार. खुशी तुमची होती, सोय माझी होती."

"असू दे की. मी कुठे तक्रार केली?"

"तुम्ही करणार नाहीत, म्हणून तर. आजची ही वेळ मी कामात धरते. उद्यापासून घंटा झाली की घरी."

काकांनी मान हलवली. बाकावरची धूळ नसलेली जागा त्यांनी हातानं पुसली. "धर. नियम आहे तो चांगलाच आहे," ते म्हणाले. "माझ्यासारख्याला तेवढा मोठा पडतो, इतकंच."

"वर जेवायला येत जा."

"रोज?"

"रोज."

"पोरी, आपल्या खुशीनं काम करत आलो. कीव केलीस म्हणून जेवायला येऊ? येईन कधी सणासुदीला." कधीच येणार नाहीत, हे तिला कळलं. आणि वर बोलावण्यात आपलीही गरज आहे, हे तिच्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं, तर कदाचित ते आले असते.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. काकांनी इस्त्री बंद केली. एप्रन काढला, त्याची घडी घातली, तिच्यावर हात फिरवला आणि दाराशी आले. बाहेर अजून लख्ख उजेड होता.

"अगं, या वेळेला रस्त्याला इतकी गर्दी असते?" त्यांनी मावशीला विचारलं.

"रोजच असते, काका."

"हो का."

पायरी उतरून ते निघाले. लोक घाईनं त्यांना ओलांडून जात होते. त्यांना कसलीच घाई नव्हती, म्हणून ते सगळ्यांच्या वाटेत येत होते. कोपऱ्यावर थोडे थांबले. खोली उजवीकडे होती. ते डावीकडे वळले. मावशी दारात पर्स धरून उभीच होती. वरच्या खिडकीत मालकीण होती. काकांची पाठ गर्दीत दिसेनाशी झाल्यावरही ती तिथून हलली नाही.